हाताला बसलेलं पेन

आमच्या ह्यांचा राग नागपुरातल्या अख्ख्या लकडगंजात प्रसिद्ध होता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यातलं मला काही आवडत असेल तर तो रागच. एरवी माणूस म्हणजे सरकारी कचेरीतला कारकून, मनोहरराव नावाचा, पानात पडेल ते खाणारा, भाजीवाल्याशीही भाव न करणारा. पण आमची तारा गेली आणि ह्या माणसाच्या अंगात आग शिरली. चौथीत होती पोरगी. सुट्टीत पाणी प्यायला म्हणून शाळेच्या नव्या टाकीपाशी गेली आणि टाकीची भिंत तिच्या अंगावर आली. आली कसली, आणली! मौद्याच्या चंपत्या कंत्राटदारानं सिमेंटच्या नावानं रेतीच भरली होती त्या भिंतीत, आणि वर तोंड करून सांगत फिरला की पाऊस फार झाला हो, देवापुढे कोणाचं चालतं. देवाला मध्ये घालतो मेला. रामाजी गवंडी, ज्याच्या हातून ती भिंत उभी झाली, तो आमच्या ओसरीवर बसून रडला होता की बाई, मी सांगत होतो, मालकानं ऐकलं नाही.

आज दुपारी चौकशीचे साहेब शाळेत येणार आहेत. तीन वर्षं आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय असा कारभार चालला होता, तो आज एकदाचा संपायचा आहे, आणि आईबापांपैकी एकानं आपल्या हातानं, शाईनं, सगळी हकीकत लिहून द्यायची आहे. ज्यांनी लिहायची ते हाताची घडी घालून माझ्याशेजारी बसले आहेत. म्हणून मी लिहायला बसले. जे झालं ते सगळं लिहिणार, अगदी ह्यांच्यासकट, मग साहेबाला आवडो की न आवडो.

तर राग. हे अर्ज लिहायचे तेव्हा घरात बोलायची सोय नसे. दात आवळून, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहायचे आणि 'तारा' आलं की इतका जोर द्यायचे की खालच्या तीन कागदांवर त्या अक्षरांचे वळ उठायचे. निबा फाकायच्या, कागद फाटायचा, शाई फुटायची. गेल्या दिवाळीनंतर चौकशीच्या कचेरीनं त्यांचं निवेदन परत पाठवलं. म्हणे वाचता येत नाही, स्वच्छ अक्षरात लिहून आणा. पोरगी गेली त्याचं काही नाही, त्या लोकांना अक्षर पाहिजे मोत्यासारखं! त्या दिवशी ह्यांनी दौत भिंतीवर फेकून मारली. तो निळा डाग मी अजून पुसलेला नाही आणि पुसणारही नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही बल्लारशाला निघालो होतो, माझ्या बहिणीकडे, कौसल्याकडे. तिच्या पोरीचं डोहाळजेवण होतं. माझ्याजवळ एक बदलायचं लुगडं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा, बस. बल्लारशा आलं, मी डबा उचलला, तर हे जागचे हलेनात.

"उतरू नको," म्हणाले. "पुढं जाऊन राहिलो आपण."

"काहून?"

"पेन घ्याले."

मला वाटलं, ह्या माणसाचं डोकं फिरलं. गाडी हलली सुद्धा. मग कळलं की कचेरीतल्या कोणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं होतं, तिकडे आंध्रात गोदावरीच्या काठी राजमहेंद्री म्हणून गाव आहे, तिथे पेनं हातानं घडवतात, काळ्या रबरासारखे दांडे सांगाड्यावर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, कातून काढतात, आणि निब तर गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणे घासून देतात, कितीही दाबा, कागद फाटायचा नाही. टीसीला पैसे भरून ह्यांनी तिकीट वाढवून घेतलं. मी वारंगळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. तिकडे कौसल्या ओटी घेऊन वाट पाहत बसली असेल आणि इकडे मी तिच्या पोरीचे लाडू अनोळखी माणसांना वाटत पेन आणायला चालले! भूक लागली तेव्हा मीही दोन खाल्ले, आणि चिडून खाल्ले.

विजयवाड्याला गाडी बदलली. राजमहेंद्रीत उतरलो तर थंडीच्या दिवसांतही ऊन मी म्हणत होतं, आणि आपली भाषा म्हणाल तर एका कुत्र्यालाही कळत नव्हती. विचारत विचारत एका बोळातलं घर सापडलं. ओसरीवर सांगाडा, खाली काळा कीस पडलेला, जळक्या रबराचा वास. पेनवाला पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, मानेला पावडर लावलेला. बोलाल त्याला हो म्हणायचा. मला असली माणसं मुळीच खपत नाहीत. मी म्हटलं गर्मी फार आहे, तो म्हणाला हो, फार आहे. ह्यांनी म्हटलं लवकर द्या, तो म्हणाला हो, लवकर देऊ. आणि मग पुढ्यात कागदांची चळत ठेवून मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं त्याची रीत सांगितली.

"जो रोज लिखते, वोही लिखो. लिखते जाओ."

हे रोज काय लिहिणार? ह्यांनी ताराचा अर्ज लिहायला घेतला. चार ओळी झाल्या की तो पेन काढून घ्यायचा, निब भिंगाखाली धरायचा, एका चपट्या दगडावर दोनदा हलकेच फिरवायचा आणि परत द्यायचा. हे पुन्हा पहिल्यापासून सुरू. पहिला कागद फाटला. दुसऱ्यावर निब कुरकुरली. तिसऱ्या-चौथ्यावर कुरकुर कमी झाली. मी समोर पाटावर बसून पंख्यानं वारा घेत होते, आणि ह्यांच्या तोंडून तो नेहमीचा शब्द ऐकत होते, तारा, तारा, दर वेळी तोच दणका. दुपार कलली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बराच वेळ काही ऐकूच येत नाहीये. निबेचाही आवाज नव्हता. हे लिहीत होते, ओठ मिटलेले, कपाळावर एक आठी नाही. लग्नात पाहिलं होतं तसं तोंड. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी पाट सरकवून त्या तोंडाकडे पाठ केली.

पेन बांधून देताना त्यानं बरोबर त्या दगडाचा एक तुकडा दिला आणि बजावलं की ही निब ह्या हाताला बसली, दुसऱ्याला लिहायला देऊ नका, दिलीच तर आधी दगडावर फिरवा. मग सहज विचारावं तसं विचारलं, "बाल-बच्चे?"

"नहीं हैं," हे म्हणाले.

मी तिथं तोंड दाबून गप्प बसले ते फक्त परमुलूख म्हणून. बाहेर बोळात मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, नाही काय? होती म्हणायला जीभ झडली होती काय तुमची? पोटची पोर एका शब्दात गिळून टाकली! आजवर असं काही बोलले असते मी, तर ह्यांनी बोळ डोक्यावर घेतला असता. त्याऐवजी ह्यांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि म्हणाले, "उगाच काहून तापून राहिली वं? ऊन किती आहे." जन्मात पहिल्यांदा ह्या माणसानं मला शांत राहा म्हणून सांगितलं.

नागपूरला आल्यावर ह्यांनी एका बैठकीत निवेदन लिहून काढलं. कुठे खाडाखोड नाही, कागद आरशासारखा. मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की पाऊस फार झाला, चंपतरावजींनी काम मनापासून केलं होतं, कोणाविषयी तक्रार नाही. मी तो कागद चुलीत घातला. ह्यांनी तो जळताना पाहिला, रागावले नाहीत, आणि पाटावर बसून पुन्हा तेच्या तेच लिहिलं, स्वल्पविराम सुद्धा जागच्या जागी. तोही मी चुलीत घातला. त्या चंपत्यानं पैसे चारले म्हणावं तर खिसा रिकामा, भीती घातली म्हणावं तर झोप लहान लेकरासारखी. ताराच्या वाढदिवसाला मी शिरा केला, तर विचारतात, आज काय विशेष? मी म्हटलं, तारा. तर म्हणाले, हो हो. गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपण म्हणतो ना, तसं हो हो.

आणि कळस म्हणजे परवा. रामाजी आला होता. चंपतरावाकडची आपली नोकरी गेली तरी चालेल, पण साहेबापुढे खरं ते सांगतो म्हणाला. मी चहा ठेवायला आत गेले, बाहेर आले तर म्हातारा उभा राहून माझी वाट पाहत होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "मनोहररावाले काही झालं काय जी? मले विचारून राहिले, ते पोरगी कोणाची होती म्हणून."

तेव्हाच मी ठरवलं की आपणच लिहायचं. पेनात काही असतं असल्या भाकडकथा मी मानत नाही. माणूस नासका निघाला तर पेनाचा काय दोष? घरातली जुनी पेनं ह्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकली होती, शाईनंच लिहायची अट, आणि अंजनाबाई शेजारणीकडे पोरांच्या पेन्सिली तेवढ्या. म्हणून सकाळी मी ह्यांच्या खिशातून हेच पेन काढलं. मला वाटलं अडवतील. तर म्हणाले, "घे न वं. माझं झालं लिहून." आणि तो दगडाचा तुकडा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

पहिल्या पानावर निब फार खरखरत होती. माझा हातही जडच आहे म्हणा, लुगडी आपटून आपटून झालेला. कुठे अडली की हे माझ्या हातून पेन घेतात, दगडावर दोनदा हलकेच फिरवतात आणि परत देतात. सवय झाली आता. दुसऱ्या पानापासून बरीच सुधारणा आहे. मी उगाच त्या पेनवाल्याला नावं ठेवली, माणूस आपल्या कामात चोख होता, आणि पावडर लावली तर बिघडलं काय, उकाडाच तसा होता तिकडे.

मला आता एवढंच लिहायचं राहिलं आहे की भिंत कशी पडली. रामाजींनी सांगितलं ते मी वर कुठेतरी लिहिलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. टाकी नवी होती. पाऊस त्या वर्षी खरंच फार झाला होता, आमच्याही ओसरीत पाणी आलं होतं. चंपतरावजींना मी एकदाच पाहिलं, शाळेच्या दारात उभे होते, टोपी हातात घेऊन, आणि त्यांचेही डोळे ओले होते असं आता आठवतं. एवढ्या मोठ्या माणसाला काय कमी, कोणी मुद्दाम कशाला असं करेल? त्यांची मुलगी, म्हणजे जिच्यावर भिंत पडली ती, चौथीत होती. वाईटच झालं. लहान मुलांना सुट्टीत बाहेर सोडताना शाळेनं थोडं लक्ष ठेवायला हवं, एवढीच माझी सूचना आहे.

हे म्हणतात, अक्षर फार सुरेख आलंय तुझं. आलंय खरं. इतकं मोकळं मी कधी लिहिलं नव्हतं. निबेचा आवाजही येत नाही. समोर भिंतीवर एक निळा डाग दिसतोय, घर असं ठेवू नये, संध्याकाळी ओलं फडकं घेऊन पुसून टाकीन. हे आत चहा ठेवायला गेले आहेत. कौसल्याला पत्र टाकायचं आहे, तिच्याकडच्या कार्यक्रमाला जाणं झालं नाही, तिला राग आला असेल, पण तिचा राग कधी फार टिकत नाही.

मघापासून फाटकाशी शाळेचा शिपाई उभा आहे. साहेब येऊन बसले जी, चला लवकर, असं म्हणतोय, आणि एकसारखा हाका मारतोय, "ताराच्या आई, ओ ताराच्या आई." उन्हात उभा आहे बिचारा. इतक्या हाका मारतोय, आणि ती बाई कुठे आहे कोणास ठाऊक, एकीलाही ओ देत नाही.