बायकोची वेगळी जबानी

डोंगरावरच्या वाटेला नव्या मालकाने लोखंडी फाटक ठोकलं, त्याला कुलूप घातलं आणि वर ओलेटा हेन्सलीला तोंडावर सांगितलं, "बाई, तुमची माणसं वर पुरलेली असतील, मी नाही म्हणत नाही. पण वाटेवर तुमचा हक्क असल्याचा कागद दाखवा. दाखवलात तर किल्ली देतो. नाहीतर तिथे मी बंगले बांधणार."

व्हिटेकर त्याचं नाव. शहरातून आलेला, बोलायला साखरेचा पाक. असली पाकातली माणसं ओलेटाच्या डोक्यात जायची.

वर तिचा धाकटा भाऊ होता, डॉयल. घटसर्पाने गेला तेव्हा त्याला अजून 'र' म्हणता येत नव्हता. दरवर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी सगळं गणगोत वर चढायचं, थडग्यांभोवतालचं गवत काढायचं, फुलं वाहायचं, आणि झाडाखाली चादरी अंथरून तळलेली कोंबडी नि मक्याचा पाव खायचं. बापाने जमीन लाकूड कंपनीला विकली होती तरी कंपनीने कधी कुणाला अडवलं नाही. आता कंपनी गेली आणि हा व्हिटेकर आला. मे महिना तर तोंडावर आलेला.

ओलेटाने जिल्ह्याच्या कोर्टकचेरीला पत्र लिहून खरेदीखताची नक्कल मागवली. पुस्तक अमुक, पान अमुक, असं नीट लिहून. त्या पानाची नक्कल टपालाने आली. त्यात चतुःसीमा होत्या: चेस्टनटच्या झाडापासून ओढ्यातल्या दगडापर्यंत, दगडापासून कड्याच्या धारेने... चेस्टनट तर रोगाने कधीच वाळून गेला होता, पण कागदावर अजून उभा होता. सगळा डोंगर त्या चौकटीत बसत होता. थडग्यांचा शब्द नाही. गावातल्या वकिलाने कागद वाचून परत दिला आणि म्हणाला, "विसरा आता."

इथे कुणीही शहाणी बाई घरी बसली असती. पण ओलेटा दुसऱ्याच दिवशी चांगला झगा घालून कोर्टात गेली, कारण तिला आता वाट नको होती, पुरावा हवा होता. तिला आईचं 'हो' बघायचं होतं.

त्या काळी नवऱ्याने जमीन विकली की नुसती बायकोची सही चालत नसे. कारकून बायकोला वेगळ्या खोलीत न्यायचा, दार लावायचा, आणि विचारायचा: बाई, सही स्वखुशीने करताय? नवऱ्याची भीती, दडपण काही नाही ना? ती हो म्हणाली तरच खत पुरं व्हायचं. ते सगळं कारकून खताच्या शेवटी लिहून ठेवायचा. आईला आत नेलं तेव्हा लहानगी ओलेटा बाहेरच्या बाकावर बसून होती. बाप, गार्लंड बमगार्नर, हातात टोपी धरून दारासमोर उभा. शेजारी कंपनीचे दोन साहेब. दार बराच वेळ उघडलं नाही. मग कारकुनाने सगळ्यांना आत बोलावलं, फक्त तिला नाही. घरी जाताना बाप वीसेक पावलं पुढे चालत होता आणि आई मागे, ओलेटाचा हात मनगट दुखेल इतका घट्ट धरून. त्यानंतर आई मे महिन्यातल्या त्या रविवारी कधी वर गेली नाही. का, असं ओलेटाने विचारलं तेव्हा बापच म्हणाला होता, "पोराचं थडगं विकून आली ती. कुठल्या तोंडाने जाईल?" आई चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही.

ओलेटाने आईवरचा तो राग जन्मभर जपला, नीट मुरवून, लोणच्यासारखा.

कचेरीतली रोंडा टेबलामागून उठली. "ओलेटाबाई! नक्कल मिळाली नव्हती का?"

"मिळाली. मला पुढचं पान बघायचंय. आईच्या जबानीचं."

"अहो, त्यात काय बघायचं? सगळ्यांचं सारखंच असतं. छापील. वकीलसुद्धा चतुःसीमा वाचतात नि पान मिटतात. आणि आम्ही मागाल तेवढंच पान पाठवतो."

"म्हणून तर आले. मागितलं नव्हतं ते बघायला."

"घ्या, आता या वयात हट्ट!" रोंडा हसली आणि पोलादी दाराच्या खोलीतून ते धोंड्याएवढं जड पुस्तक ओढून घेऊन आली. "बाहेर जागा नाही, आज शाळेचे लोक आलेत. त्या छोट्या खोलीत बसाल? मी दारात खुर्ची अडकवून ठेवते हं. दार बंद झालं की आमच्यापैकी कुणाला तिथे बसवत नाही."

"का गं?"

"काही नाही हो. वाटतं, कुणीतरी काहीतरी विचारतंय." रोंडाने हात झटकला. "उंदीर असतील."

ओलेटाने खोली ओळखली. तिने ती आतून कधीच पाहिली नव्हती, पण दार तेच होतं. आत एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकी उंचावर.

तिने मुद्दामच सुरुवातीपासून पानं उलटली. छापील मजकूर होता, नावं तेवढी हाताने भरलेली. सदर बर्था हिची नवऱ्यापासून वेगळी जबानी घेतली असता तिने स्वखुशीने, कसलीही भीती वा दडपण नसताना. सदर ओमी हिची. सदर लूला हिची. बायकांमागून बायका त्याच खोलीत आल्या होत्या, याच टेबलाशी बसल्या होत्या, आणि दाराबाहेर त्यांचे नवरे उभे होते. सगळ्या स्वखुशीने. एकीलाही भीती नव्हती म्हणे! पाचव्या-सहाव्या पानावर ओलेटाचं वाचणं थांबलं तरी आवाज थांबला नाही. पुरुषाचा आवाज, सौम्य, जरा कंटाळलेला. मग कापडाची सळसळ, आणि हलकंसं "होय साहेब". पुन्हा प्रश्न. पुन्हा "होय साहेब". तिने दाराकडे पाहिलं. रोंडाची खुर्ची जागच्या जागी होती. बाहेर शाळेचे लोक मोठ्याने बोलत होते आणि त्यांच्या बोलण्याखालून हे चालूच होतं. ओलेटाला भीती वाटली, साधी लहान पोरीला वाटते तशी, पण ती उठली नाही.

आईच्या खताचं पहिलं पान आलं. तेच, घरी असलेलं. तिने कान दिला. प्रश्न आला. उत्तर आलं नाही. त्या खोलीत कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं, अगदी तिच्या कोपराशी, आणि बोलत नव्हतं.

"बोल ना," ओलेटा दबक्या आवाजात म्हणाली. "म्हण एकदाचं 'हो'."

आणि तिने पान उलटलं.

छापील ओळींवर शाईने आडवी रेघ मारली होती. खालच्या समासात कारकुनाने बारीक अक्षरात, जागा पुरेना म्हणून ओळी दाबून लिहिलं होतं:

"सदर झेल्मा बमगार्नर हिची नवऱ्यापासून वेगळी जबानी घेतली असता तिने सांगितले की, मुलास पुरले ती जागा देण्यास ती राजी नाही, व नवऱ्याने घरी नेऊन काहीही केले तरी राजी होणार नाही. तीनदा विचारले. सबब सर्वांच्या संमतीने पाव एकर दफनभूमी व तिथवरची वाट या विक्रीतून वगळली असे. सदर झेल्मा व तिच्या वंशजांस तेथे जाण्यायेण्याचा व तेथेच पुरले जाण्याचा हक्क कायम राहील."

खाली आईची सही होती, शाळेत न गेलेल्या बाईची, एकेक अक्षर सुटं.

ओलेटाने ते दोनदा वाचलं. घरी नेऊन काहीही केले तरी. मग तिला तो उन्हाळा आठवला, आईने भर उकाड्यात लांब बाह्या घातल्या होत्या तो. बापाने दोन साहेबांसमोर गिळलेला अपमान घरी येऊन वसूल केला होता, आणि तिला डोंगरावर जायला बंदी करून वर पोरीला उलटंच सांगितलं होतं. आणि पोरीने ते खरं मानलं.

रोंडा डोकावली. "सापडलं का हो?" तिने खांद्यावरून वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! अहो, वाट तुमचीच आहे! कुणी हे वाचलंच नाही इतकी वर्षं! थांबा, आत्ता सही-शिक्क्याची नक्कल काढते. त्या व्हिटेकरच्या नाकावर टिच्चून जा आता वर."

ओलेटाचे हात पुस्तकावरच होते. "काढ," ती म्हणाली.

यंत्राची घरघर झाली, शिक्का उमटला. रोंडा आनंदाने काहीबाही बोलत होती. कागद हातात घेऊनही म्हातारी उठेना, तेव्हा रोंडा समोरच्या खुर्चीवर येऊन बसली.

"पोरी," ओलेटा म्हणाली, "पुरलेलं माणूस काढून दुसरीकडे पुरायचं तर अर्ज कुठे करायचा?"

"आरोग्य खात्यात, रस्त्यापलीकडे. कोणाला हलवायचंय?"

"आईला. गेल्या हिवाळ्यात गावच्या दफनभूमीत ठेवली मी तिला. बापाशेजारी."

रोंडा हळूच म्हणाली, "मी येते बरोबर. अर्ज मी भरून देईन. पण ते कारण विचारतील हो. काय सांगू?"

ओलेटाने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

"सांग, शेवटच्या दिवशी तिने माझा हात धरून विचारलं होतं, मला डॉयलपाशी नेशील ना? आणि मी नाही म्हणाले."