मांजर, नंतरचा काळ

धाकटीच्या पोटात जे दुखत होतं त्यावर औषधांच्या दुकानात काही मिळत नाही. ते दुखणं थोरलीबरोबर आलं होतं, आणि थोरली सुट्टी लागल्यापासून रोज अकराला मावशीच्या खोलीत हजर व्हायची. कॉम्प्युटर घेऊन, आणि केस धुऊन.

त्याआधी ती खोली दोघींचीच होती, मावशीची आणि धाकटीची. मावशी विद्यापीठात जुन्या चिनी लिपीचा अभ्यास करायची. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांनी बैलांच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर प्रश्न कोरून ठेवले होते. पाऊस पडेल का, शिकार मिळेल का, राजाचा दात दुखतोय तर कुठला पूर्वज रागावलाय. त्या हाडांचे कागदावर घेतलेले शाईचे ठसे मावशीकडे चपट्या खणांत रचलेले होते. पण ठशात अक्षरं, भेगा आणि ओरखडे सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेले असतात. म्हणून ठसा काचेच्या टेबलावर ठेवायचा, काचेखालचा दिवा लावायचा, वर पातळ कागद पसरायचा आणि अक्षर तेवढं पेनने उतरवून घ्यायचं. भेग उतरवली की मेलात.

सुरुवातीच्या काळातली अक्षरं मावशीने स्वतः उतरवली होती. तेवढ्यात तिची मान धरली, आणि नंतरच्या काळातली धाकटीच्या वाट्याला आली. दीड वर्षं, शाळा सुटली की थेट टेबलावर. चौदाशे अक्षरं. मावशी तिला "डावरे" म्हणायची, कारण धाकटी डावखुरी, आणि म्हणायची, "डावरे, तुझा हात माझ्यापेक्षा शांत आहे गं." हे वाक्य धाकटीने वर्गातल्या निदान सहाजणींना ऐकवलं होतं.

आणि मग थोरली. ती कॉलेजात यंत्राला शिकवायचं शिकत होती. तिने मावशीची आणि धाकटीची सगळी अक्षरं कॉम्प्युटरात घातली, प्रत्येकाला 'सुरुवातीचा काळ' किंवा 'नंतरचा काळ' अशी चिठ्ठी लावली, आणि यंत्राला म्हणाली, बघ आणि फरक तूच शोध. एकदा त्याला फरक कळला की ज्या तुकड्यांचा काळ कुणालाच माहीत नाही तेही लावता येणार होते. चित्रासारख्या दिसणाऱ्या त्या अक्षरांतल्या घोड्याची आयाळ कधी झडली, पाय कधी नुसत्या रेघा झाले, हे यंत्र सांगणार होतं.

यंत्राने शंभर न पाहिलेल्या अक्षरांपैकी अठ्ठ्याण्णव बरोबर ओळखली.

"अठ्ठ्याण्णव!" मावशीने थोरलीचा चक्क मुका घेतला. "मला वीस वर्षांत जमलं नाही गं हे."

धाकटी पेनचं टोपण लावत होती. ते लागत नव्हतं.

"उरलेल्या दोनांचं काय?" तिने विचारलं.

"तुला काय दोनांचंच पडलंय?" थोरली हसत म्हणाली. तिचं हसणं छान होतं, हीसुद्धा एक कटकटच.

त्याच दिवशी या कामावरच्या निबंधाचा कच्चा खर्डा छापून आला. पहिल्या पानावर वर नाव मावशीचं, खाली थोरलीचं. धाकटी पान उलटत गेली, उलटत गेली, आणि एकोणिसाव्या पानावर, झेरॉक्सवाल्या काकांच्या आधी, 'आभार' या मथळ्याखाली स्वतःला सापडली. चौदाशे अक्षरं, आणि नंबर काकांच्या एक घर पुढे. तिला दुसऱ्या पानावर नको होतं, तिसऱ्या नको होतं. तिला मावशीच्या खालच्या ओळीत हवं होतं, बस.

सोमवारी त्या दोघी चहाला गेल्या तेव्हा धाकटी थोरलीच्या खुर्चीत बसली. यंत्राला तोंडघशी पाडायचं, एवढाच विचार. तिने मावशीने पूर्वी उतरवलेला एक जुना घोडा निवडला, त्याचाच ठसा काचेवर ठेवला, स्वतः उतरवला आणि यंत्राला दाखवला.

'नंतरचा काळ, ९६ टक्के.'

मावशीने उतरवलेला तोच घोडा मात्र 'सुरुवातीचा काळ'. धाकटीच्या कानामागे गरम झालं. तिने दुसरं अक्षर घेतलं, तिसरं घेतलं. तिच्या हातून उतरलं की प्रत्येक अक्षर शतकभर पुढे सरकायचं. मग तिने जे केलं ते फक्त तिलाच सुचलं असतं. तिने एक मांजर काढलं. मिशा, शेपटी, सगळं.

'नंतरचा काळ, ९७ टक्के.'

मावशी फोनवर बोलताना वहीत किटल्या काढत बसते. धाकटीने एक किटली दाखवली. 'सुरुवातीचा काळ, ९९ टक्के.'

तिने भिंग घेतलं आणि किटली नि मांजर शेजारी ठेवले. मावशीची आडवी रेघ डावीकडे जाड सुरू व्हायची आणि उजवीकडे बारीक होत जायची. धाकटीची नेमकी उलट, डाव्या हाताची. म्हणजे या दीडशहाण्याने लिपी शिकलीच नव्हती. तो फक्त हात ओळखत होता. हा मावशीचा, म्हणून जुना. हा डावरीचा, म्हणून नंतरचा.

जिन्यात दोघींचं हसणं ऐकू आलं. धाकटीने मांजर आणि किटली दप्तरात सरकवली आणि खुर्ची जागेवर ढकलली. सांगायचं होतं, पण आत्ता नाही. आत्ता सांगितलं असतं तर थोरली "अरेच्चा" म्हणून दुरुस्त करायला बसली असती. शुक्रवारी पाहुण्यांसमोर थोरलीचं भाषण होतं आणि गुरुवारी विभागप्रमुखांसमोर सराव. गुरुवार बरा होता.

ते तीन दिवस तिने खाऊसारखे जपून खाल्ले. थोरली आरशासमोर भाषण पाठ करायची आणि धाकटी पलंगावरून म्हणायची, "छान म्हणतेस, ताई."

गुरुवारी विभागप्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "काही शंका?"

धाकटीने हात वर केला. मांजर आणि किटली टेबलावर ठेवली. "ही दोघं कुठल्या काळातली, ते यंत्राला विचारा ना, सर."

थोरलीने विचारलं. पडद्यावर आकडे आले. विभागप्रमुख मोठ्याने हसले आणि मग, कुणीच हसत नाहीये असं बघून, खोकले. थोरलीने मांजर दिव्यावर धरलं, किटली धरली. रेघांच्या टोकांकडे बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा असा उतरला की धाकटीला वाटलं होतं तेवढी मजा आली नाही. अर्धीसुद्धा नाही.

"बरोबर आहे हिचं," थोरली म्हणाली. "मी विचारायला हवं होतं, कुणी काय उतरवलंय ते. मी विचारलंच नाही."

विभागप्रमुखांनी शुक्रवार रद्द करायला सांगितलं आणि ते गेले. मावशीने दार लावलं.

"कधी कळलं तुला, डावरे?"

"सोमवारी."

"आणि आज गुरुवार."

"हो."

"तीन दिवस ती पाठ करत होती. तू ऐकत होतीस."

खोटं बोलायला जागाच नव्हती.

"हुशार आहेस," मावशी म्हणाली. "पण तुझ्याशेजारी काम करायचं तर मला रोज दप्तर तपासावं लागेल, असं नको व्हायला."

हे शांत हाताबद्दलचं वाक्य नव्हतं. हे वर्गात कुणाला ऐकवता येणार नव्हतं.

"मला जळायला होतं," धाकटी म्हणाली. "तू हिचा मुका घेतलास. मी आभारात आहे, झेरॉक्सवाल्या काकांबरोबर."

"काकांच्या आधी," थोरली म्हणाली. मग, "ते मी टाइप केलं होतं. लक्षातच आलं नाही माझ्या. मला वाटलं, तू काय, मावशीची आहेसच. मी लहान असताना मला या टेबलाला हातसुद्धा लावू दिला नव्हता हिने."

"शाई सांडायचीस," मावशी म्हणाली.

"एकदा सांडली."

धाकटीने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. थोरलीला कुणाचा हेवा वाटू शकतो, ही बातमी होती.

उपाय एकच होता आणि तो कंटाळवाणा होता. दोन्ही काळांतली अक्षरं सगळ्या हातांनी उतरवायची, म्हणजे यंत्राला हातावरून काही कळणार नाही. मावशीच्या मानेला झेपतील तेवढी ती करणार, बाकीची धाकटी आणि थोरली. म्हणजे थोरली काचेच्या टेबलावर बसणार. म्हणजे तिला कुणीतरी शिकवायचं.

"मी?" धाकटी म्हणाली.

"मग काय मांजर शिकवणार?" मावशी म्हणाली.

निबंधात आता एक नवं पान आलं. यंत्र कसं फसलं, ते कुणी पकडलं आणि कसं. आकृती एक, मांजर. पहिल्या पानावर तीन नावं, धाकटीचं तिसरं. दुसरं का नाही, हे तिने विचारलं नाही. तीन दिवसांचा हिशोब तिलाच माहीत होता.

सोमवारी तिने दिवा लावला, कागद पसरला. "भेग उतरवू नकोस. आधी डोळा, मग आयाळ. पेन घट्ट धरू नकोस, ताई, तो पळून जात नाही."

थोरलीने जीभ दातात धरून घोडा उतरवला. मावशी मागून वाकली, मान धरलेली असूनही वाकली, आणि म्हणाली, "अगं, पहिल्याच दिवशी!"

धाकटीने भिंग लावून बघितलं. घोडा बरा जमला होता. जरा जास्तच बरा. पोटात ओळखीची कळ आली.

"शेपटी भेगेवर गेलीये," ती म्हणाली, आणि ती खरोखरच गेली होती. लगेच सांगितलं, त्याच मिनिटाला. "पुसू नकोस. नवीन कागद घे."