पस्तीस पावलं पुढे आलेली काळी खुंटी

मी एक खुंटी आहे. बाभळीच्या लाकडाची, हातभर लांब, डोक्याला काळा रंग दिलेली. हल्ली माझ्या गळ्यात शेळीचा दोर असतो, म्हणून येणारा-जाणारा मला शेळीची खुंटी समजतो. समजू दे बापडा. पण मला घडवलं होतं एका खेळासाठी. त्या खेळापायी एक भला माणूस जिवानिशी गेला. मी कुठे रोवलेली असावी, एवढ्या एका गोष्टीवरून गेला. ते मनात ठेवून ठेवून मी आतून पोखरले आहे, म्हणून आज तुम्हाला सांगते.

आम्ही सहा बहिणी. गोरेगावच्या सोनाजी सुताराने एकाच फांदीतून आम्हाला तासून काढलं. दोघींना काळा रंग, दोघींना पांढरा, दोघींना लाल. आम्हाला घडवून घ्यायला आला होता प्रेमानंद. सोनाजीने मला तासता तासता विचारलं, "एवढ्या गुळगुळीत खुंट्या कशाला रे? म्हशी लाजतील की!"

"म्हशीसाठी न्हाईत. माणिकराव साहेबाच्या मैदानासाठी हायेत. गोल्फच्या."

"गोल्फ? अन् गोरेगावात?" सोनाजी इतका हसला की हातातल्या पटाशीचा घाव चुकला. माझ्या बुडाशी ती खाच अजून आहे.

प्रेमानंद याच गावचा. बावीस वर्षं तो पुण्यात गोल्फच्या एका मैदानावर होता. खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहायची, गवत कापायचं, हरवलेले चेंडू शोधायचे, हे त्याचं काम. गुडघे कुरकुरायला लागले तसा तो गावी परतला, बायको जनकाबाई आणि लेक ज्योतीजवळ. माणिकराव म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. नोकरीत असताना त्यांना या खेळाचा नाद लागलेला. गावाबाहेर त्यांचं माळरान होतं. तिथे कुसळाशिवाय काही उगवत नसे, आणि मधोमध रस्त्याच्या खडीसाठी खोदलेली जुनी खदान होती. साहेबांची बायको वारली होती, मुलगा वैजनाथ हैदराबादला, घर खायला उठायचं. मग त्यांनी प्रेमानंदला हाताशी धरलं आणि माळावर मैदान केलं. एकच झेंडा, एकच खड्डा. गाव हसलं, पण रोज सकाळी दोघं तिथे असत.

आम्हा खुंट्यांचं काम सोपं. एका रंगाच्या दोन खुंट्यांच्या मध्ये चेंडू ठेवायचा आणि तिथून झेंड्याकडे मारायचा. झेंडा खदानीच्या पल्याड. काळ्या खुंट्या सगळ्यात मागे, तिथून खदानीचा पलीकडचा काठ दीडशे पावलं. पांढऱ्या खुंट्या थोड्या पुढे. लाल तर खदानीच्या पलीकडेच रोवलेल्या, तिथून खदान आडवी येतच नसे. ज्याचा जसा हात, तशी त्याची खुंटी.

"पुण्यातले जाणते खेळाडू काय करत सांगू का साहेब?" आम्हाला रोवताना प्रेमानंद म्हणाला होता. "आपला मधल्या काठीचा फटका कुठवर जातो ते इमानानं बघत, अन् त्याला झेपंल एवढंच मैदान निवडत. बाकीचे लांबच्या खुंटीवर ऐटीत उभे राहत अन् दिवसभर चेंडू हुडकत बसत."

"आपल्याला काय त्याचं? आपला फटका दीडशेच्या वर जातो," साहेब म्हणाले.

आणि जातही होता, खोटं कशाला बोलू. पहिली दोन वर्षं आम्हा दोघी काळ्यांच्या मधून चेंडू असा सुटायचा की माळावरच्या टिटव्या ओरडत उठायच्या. प्रेमानंद कपाळावर हात धरून बघायचा आणि हाळी द्यायचा, "गेला साहेब, पल्याड!" साहेबांचा चेहरा त्या हाळीने उजळायचा.

मग साहेबांच्या छातीची शस्त्रक्रिया झाली. नांदेडहून परत आले तेव्हा त्यांचा खांदा अर्ध्यावरच अडायला लागला होता. चेंडू उडायचा, दमायचा आणि खदानीत पडायचा. खदानीतला चेंडू आणायचा प्रेमानंदने. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण पहिल्या दिवसापासून तसंच चालत आलं होतं. खदानीच्या भिंतीला कपारीकपारीने खाली जाणारी वीतभर वाट होती. तळाशी पाणी आणि फोडलेले टोकदार दगड. प्रेमानंद टोपली घेऊन उतरायचा, एक हात भिंतीला, एक गुडघ्याला. वर आला की माझ्याशेजारी बसून गुडघे चोळायचा, आणि त्याचा दम बराच वेळ खाली बसत नसे.

एकदा त्याने धीर केला. "साहेब, काही दिवस लालवरून खेळून बघता का?"

"काहून?"

"अंथरूण पाहून पाय पसरावं म्हणतेत. आता हाताला तेवढा जोर..."

"मला म्हातारा म्हणून राहिला का, प्रेमानंद? लाल खुंटी पाहुण्यांसाठी. मी मागच्या खुंटीवरून खेळणारा माणूस आहे."

चार दिवस साहेब मैदानावर फिरकले नाहीत. घरी जेवणही धड करत नव्हते म्हणे. पाचव्या दिवशी प्रेमानंद सकाळी लवकर आला, गवत कापायच्या निमित्ताने, आणि त्याने मला उपटलं. एक पाऊल पुढे रोवलं. जुनं भोक मुरमाने बुजवलं, टाचेने दाबलं, वर कुसळ पसरलं. माझ्या जोडीदारणीचंही तसंच केलं. "कुणापाशी बोलू नका गं," तो आम्हाला म्हणाला आणि स्वतःशीच हसला.

मग ते चालूच राहिलं. आठ-पंधरा दिवसांनी एक पाऊल. पांढऱ्यांनाही तो त्याच मापाने पुढे नेई, म्हणजे मधलं अंतर सारखं दिसावं. दीड वर्षात मी पस्तीस पावलं पुढे आले. साहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण तो नसता तरी त्यांना दिसलं नसतं. चेंडू पुन्हा पल्याड पडत होता ना!

"बघ, परत जोर आला," ते म्हणत.

"आला न्हाई तर काय साहेब!" प्रेमानंद म्हणे आणि टोपली उपडी घालून तिच्यावर निवांत बसे. लबाडी होती, मी कबूल करते. पण तिच्यामुळे एका म्हाताऱ्याचं मन आणि दुसऱ्याचे गुडघे शाबूत होते, आणि मला त्यात सामील असल्याचा अभिमानच वाटायचा.

हे फक्त ज्योतीच्या ध्यानात आलं. ती सेनगावला एका दवाखान्यात नर्स. सुट्टीच्या दिवशी बापाचा डबा घेऊन यायची. एकदा तिने बुजवलेली भोकं पाहिली. "बाबा, सांगून टाका त्यांना. असं कळलं तर लई वाईट होईल."

"कळतंय कशाला? अन् सांगितलं तर म्हातारा खचून जाईल, पोरी."

भादव्यात महालक्ष्म्यांना वैजनाथ घरी आला. येताना बापासाठी भेट आणली, डोळ्याला लावायचं एक छोटं यंत्र. कळ दाबली की समोरच्या वस्तूचं अंतर दाखवायचं. बिचाऱ्याने प्रेमानेच आणलं होतं. सकाळी पाऊस पडून गेला होता. वैजनाथ आम्हा काळ्यांजवळ उभा राहिला, यंत्र पल्याडच्या काठाकडे धरलं आणि म्हणाला, "बाबा, हे तर फार कमी दाखवतंय. फोनवर तुम्ही दीडशे पावलं सांगता, ही एकशे पंधराच्या वर नाहीत."

साहेब आधी हसले. यंत्र बिघडलं असेल म्हणाले. मग त्यांनी गाडीतून आपली जुनी टेप काढायला लावली. जन्मभर कालवे मोजलेला माणूस तो, दुसऱ्याच्या मापातली खोट त्याने कधी खपवून घेतली नव्हती. आमच्यापासून खदानीच्या अलीकडच्या काठापर्यंत टेप ताणली गेली तसा त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. मागे चालत गेले, काठीने जमीन ठोकत राहिले, आणि एका ठिकाणी मऊ मुरमात काठी रुतली.

"कुणी केलं हे?"

प्रेमानंद पुढे आला. "म्या केलं साहेब."

"काहून?"

"रोज चेंडू खदानीत जाऊन राहिला होता. तुमी जेवत न्हवता. मला वाटलं, तेवढंच तुमाला..."

"तुला वाटलं! माझ्या पोरासमोर माझं हसं केलंस तू."

"बाबा, काकांनी चांगल्यासाठीच..." वैजनाथ मध्ये बोलला.

"तू गप बैस."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. साहेबांनी आम्हा दोघींना स्वतःच्या हाताने उपटलं, पस्तीस पावलं मागे नेलं आणि दगडाने ठोकून जुन्या जागी रोवलं. अर्धे घाव डोकं चुकवून माझ्या अंगावर बसले. "आता इथूनच मारणार," ते म्हणाले. "पल्याड गेल्याशिवाय घरी जाणार नाही."

पिशवीत बारा चेंडू होते. एकेक सुटला आणि एकेक खदानीत गेला. प्रत्येक वेळी खालून बारीकसा आवाज यायचा. बाराव्यानंतर साहेबांनी रिकामी पिशवी पाहिली, मग प्रेमानंदकडे पाहिलं. प्रेमानंदने टोपली उचलली.

"राहू द्या काका," वैजनाथ म्हणाला, "कपार ओली आहे, शेवाळ आहे. मी नवे चेंडू मागवतो."

प्रेमानंद थांबला. त्याने साहेबांकडे पाहिलं. मला तो क्षण आठवला की आजही माझं लाकूड तडकल्यासारखं होतं. साहेबांनी नुसतं 'राहू दे' म्हणायचं होतं. तेवढ्याने सगळं निभावलं असतं. पण साहेबांनी मान वळवली आणि झेंड्याकडे बघत उभे राहिले.

"आलोच साहेब," प्रेमानंद म्हणाला.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. आधी खडे घरंगळले. मग टोपली आपटत खाली गेली. मग काहीच ऐकू आलं नाही. वैजनाथ ओरडत धावला. साहेब आम्हा दोघींच्या मध्ये तसेच उभे होते, हातात काठी धरून.

पंचनाम्यात 'पाय घसरून' असं लिहिलं. ते काही खोटं नव्हतं. खुंटीबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.

प्रेमानंदच्या पुण्यानुमोदनाचा विधी होऊन गेल्यावर एका सकाळी साहेब एकटेच आले. त्यांनी आम्हा दोघींना उपटलं, पावलं मोजत पुढे नेलं, आणि गुडघे टेकून प्रेमानंदने लावलं होतं त्याच जागी रोवलं. चेंडू मात्र आणला नव्हता. तेवढ्यात ज्योती आली, बापाचं खुरपं आणि कोट न्यायला. साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बाबानं बराबर जागी लावली होती."

"मंग त्या दिवशी हे काहून बोलला न्हाईत?"

साहेबांनी माझ्या बुडाशी मुरूम हाताने दाबला. "राहू दे म्हणायला पाहिजे होतं मी," ते म्हणाले.

"व्हय," ज्योती म्हणाली. ती रडली नाही, भांडलीही नाही. खाली वाकली, मला हलवून हलवून मोकळं केलं आणि कोटाच्या घडीत घेतलं. "ही माझ्या बाबानं घडवून घेतली. मी नेते."

साहेबांनी अडवलं नाही. माझी जोडीदारीण तिथेच राहिली. एका खुंटीने खेळ होत नाही, म्हणून आता तिथे कुणी खेळत नाही. साहेब अजून सकाळी जातात, तिच्याजवळ बसतात आणि उन्हं चढली की परततात, असं म्हणतात.

मी इथे, जनकाबाईच्या दारात. काळा रंग बराचसा उडाला आहे. समोरून सेनगावच्या जीपा भरधाव जातात आणि रस्त्यापलीकडे हिरवा पाला आहे, म्हणून शेळीची ओढ सारखी तिकडे. जनकाबाई रोज सकाळी दोर धरून रस्त्यापर्यंतचं अंतर बघते, दोर हातभर आखूड करते आणि मगच माझ्याभोवती गाठ मारते. "तुझं एवढंच गं बाई," ती शेळीला म्हणते. शेळी रागावते, शिंगं मारते, पण रस्त्यापर्यंत पोचत नाही.

तुमच्यापैकी कुणाची खुंटी पुढे घ्यायची वेळ आली असेल, तर घ्या बाबांनो. चार लोक हसतील, हसू द्या. आणि तुमच्यासाठी कुणी गुपचूप पुढे सरकवली असेल, तर टेप काढू नका.

शेळीने आता पुन्हा ओढ घेतली आहे. ओढू दे. त्या दिवशी मला कुणाला धरून ठेवता आलं नाही. आता हिला तरी धरून ठेवते.