डोंगरावरचं घर आणि ताटभर मलिदा

रिटायर झाल्यावर माणसानं बाग करावी, सिनॅगॉगच्या कमिटीत भांडावं, फार तर गुडघे बदलून घ्यावेत. इंग्लंडातल्या मेडनहेडमध्ये रिकाम्या माणसाला उद्योगांची काय वाण? पण एलिजा झिराडकरांनी काढलं स्पेनमध्ये घर घ्यायचं. तेही साधंसुधं नाही. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या डोंगरावरच्या एका श्रीमंत गावात, जिथली भटकी मांजरंसुद्धा म्हणे नुकतीच न्हाऊन आल्यासारखी दिसतात.

त्यांच्या बायकोनं, बथशेबाबाईंनी, ते घर एकदा जाऊन पाहिलं होतं. पांढऱ्या भिंती, पोहण्याचा निळा तलाव, पायऱ्यापायऱ्यांची बाग, खाली लांबवर समुद्र. नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणूनच त्यांना राग आला होता. मार्ता नावाची एजंट उंच टाचा वाजवत पुढे चालायची आणि दर दाराशी थांबून एकच गोष्ट सांगायची, की इथं शांतता आहे, इथं कुणी कुणाकडे जात नाही, शेजारी कोण राहतं तेही कळत नाही. या गोष्टीचे लोक जास्तीचे पैसे मोजतात, हे बथशेबाबाईंना त्या दिवशी समजलं.

"कुणी विचारपूस करू नये म्हणून एवढा खर्च?" परतीच्या विमानात त्या म्हणाल्या. "मेडनहेडला ते फुकट मिळतं."

एलिजा हसले नाहीत. एरवी असल्या बोलण्याला हसणारा माणूस, खिडकीतून ढग बघत बसला.

ते घर घ्यायचं तर इथलं विकायला हवं, आणि इथं घर विकणं म्हणजे एक साखळीच. आपलं घर घेणाऱ्याचं घर दुसऱ्यानं घ्यायचं, त्याचं तिसऱ्यानं. सगळ्यांची कामं एकदम व्हायची, नाहीतर कुणाचंच नाही. एलिजांना गिऱ्हाईक मिळालं, वकील मिळाला, स्पेनच्या व्हिसाचे कागदही जमू लागले.  नवऱ्याशी वाद घालून काही निघत नाही, हे बथशेबाबाईंना लग्न झाल्या झाल्याच कळलं होतं. त्यांनी सरळ वरच्या कोर्टात अर्ज केला.

बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू माणूस कोकणातून मुंबईला गेला, मुंबईहून विलायतेला आला, पण अडलं-नडलं की धाव घेतो ती एलियाहू हनाबी या प्रेषिताकडेच. त्यांच्या नावानं मलिदा बोलायचा. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची. ताटात त्याचा ढीग, भोवती फळं, आणि ताटाभोवती आपली माणसं प्रार्थना म्हणणारी. निदान दहा पुरुष असावेत, अशी झिराडकरांच्या घरची रीत. दिवा लावून बथशेबाबाई म्हणाल्या, हे घर विकू देऊ नकोस. माझी माणसं इथं आहेत, मला त्या डोंगरावर नेऊन टाकू नकोस. मी मोठा मलिदा करीन, सगळ्यांना बोलावून करीन.

आणि अर्ज मंजूर झाला की! साखळीच्या पार शेवटी कॉव्हेंट्रीचा कुणी एक गृहस्थ होता, त्याच्या बायकोला ऐन वेळी नवं घर आवडेनासं झालं. त्यानं माघार घेतली आणि पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे सगळे आपापल्या जुन्या घरात परत. फोन ठेवून एलिजा मागच्या अंगणात जाऊन बसले. पाठीत वाकून बसलेला नवरा बघून बथशेबाबाईंना खरोखर वाईट वाटलं. वाईट वाटता वाटता पोहे किती लागतील तेही त्यांनी मनात मोजलं.

"रविवारी मलिदा करते आहे," त्या म्हणाल्या.

"कशाबद्दल?"

"असाच. किती दिवसांत झाला नाही."

एलिजांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आणि बोलावणार कुणाला?"

"कुणाला म्हणजे? सगळ्यांना."

"बरं," ते म्हणाले, आणि नारळ आणायला गेले.

बथशेबाबाई फोन घेऊन बसल्या. लेव्ही तळकर, ज्यांच्या आवाजाशिवाय कुठलीच प्रार्थना व्हायची नाही, ते फेब्रुवारीतच मुलाकडे इस्राएलला कायमचे गेले होते. सांगायचं राहून गेलं, म्हणाले. पेझारकरांच्या नंबरावर कुणी पोलिश बाई बोलली, ती भाडेकरू निघाली. सॅमसनभाऊ लेस्टरच्या केअर होममध्ये होते; त्यांनी फोन घेतला, खूप आनंदानं बोलले, आणि शेवटी आपण कोण असं विचारलं. मग तरुण मंडळी. एकाच्या मुलांचं फुटबॉल. एकीनं पोह्यात ग्लूटेन असतं का ते विचारलं, नसतं कळल्यावरही ती येणार नव्हतीच. एकानं तर सुचवलं, आंटी, झूमवर करा ना, आम्ही कॅमेरा ऑन ठेवू.

पोटची मुलगी तमार, लेस्टरच्या हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणाली, "मम्मी, संडेला माझा शिफ्ट आहे. तू रेकॉर्ड करून पाठव. आय लव्ह मलिदा, यू नो दॅट."

तरी रविवारी त्यांनी मोठंच ताट काढलं. येऊ, बघू म्हणणारेही काही होते ना. नवसाला हात आखडायचा नसतो. पोह्यांचा ढीग झाला, केळी, खजूर, सफरचंदं रचून झाली, बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीला सरकवून चादरी अंथरल्या.

आल्या एकट्या दीनाबाई. ऐंशी ओलांडलेल्या, हॅरोहून टॅक्सी करून आलेल्या. "बाकीचे?" त्यांनी विचारलं. "येतायत," बथशेबाबाई म्हणाल्या. दीनाबाईंनी वाट पाहिली, खजूर खाल्ला, आणि सोफ्यावर त्यांचा डोळा लागला.

शेवटी एलिजांनी टोपी घातली आणि एकट्यानंच प्रार्थना सुरू केली. जिथं सगळ्यांनी मिळून ओळ उचलायची, तिथं ते क्षणभर थांबायचे. बथशेबाबाई त्या जागा भरू लागल्या. त्यांचा सूर लागेना आणि त्यांना रडू येत होतं. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती कुणासमोर वाटते आहे हेही कळत नव्हतं.

"मला ठाऊक होतं," ताट हलवताना एलिजा म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"पप्पांच्या पुण्यतिथीला गेल्या वर्षी तू तमारकडे होतीस. मी सगळ्यांना फोन केले होते. सिनॅगॉगमध्ये कद्दीशची प्रार्थना होतीच गं, चांगले लोक आहेत. पण मला घरी करायचं होतं. आपल्या चालीत."

"मग?"

"मग मी होतो, आणि टीव्ही होता."

बथशेबाबाई खाली बसल्या. "आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुला वाटत होतं, आपली माणसं आहेत. म्हटलं, वाटू दे."

"म्हणून स्पेन?"

"तिथं कुणी आलं नाही तर वाईट वाटायचं कारण नाही," एलिजा म्हणाले. "तिथं कुणी यायचंच नसतं. ती मार्ता सांगत नव्हती का?"

बथशेबाबाईंना त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं, पण सोफ्यावर दीनाबाई झोपल्या होत्या. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. पाहुण्यांबरोबर घरी द्यायला आणलेले प्लॅस्टिकचे डबे ओट्यावर रचलेले होते. त्यांनी एकेक डबा घेऊन मलिदा भरायला सुरुवात केली. लेव्हींचा, पेझारकरांचा, सॅमसनभाऊंचा. सवयीनं दाबून दाबून भरला, वर खोबरं घातलं, झाकणं लावली. एलिजा दारात उभे राहून बघत होते. फ्रीझर भरला, तरी डबे उरले.

"त्या स्पेनच्या घराचा फ्रीझर केवढा आहे हो?" त्यांनी न वळता विचारलं.

"मोठा आहे," एलिजा म्हणाले. "आपल्या दोघांना फारच मोठा."

"मग उद्या त्या मार्ताला फोन करा," बथशेबाबाई म्हणाल्या, आणि पुढचा डबा उघडला.