साठ फुटांच्या तारेचा झोळ

गेल्या नाताळात चर्चच्या आवारातली चांदणी पडली. ती का पडली, हे फैयाज शेख यांना वर्ष झालं तरी कळलं नव्हतं.

गाव देवळाली प्रवराच्या अलीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. चर्चचा मनोरा एका बाजूला, समोर ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या शाळेची बैठी इमारत, आणि मध्ये साठ फुटांचं अंगण. मनोऱ्यापासून शाळेच्या भिंतीपर्यंत तार ताणायची आणि तिच्या मधोमध बांबूच्या कामट्यांची, आत दिवे लावलेली पाच फुटी चांदणी टांगायची, हे काम फैयाज आधी वडिलांबरोबर आणि नंतर एकटे करत आले होते. मांडव, खुर्च्या, स्पीकर तालुक्यात कुणीही देतो. चांदणी टांगणारे म्हणून फैयाजभाईंना लोक ओळखत.

गेल्या वर्षी शाळेच्या भिंतीतला हूक विटेच्या तुकड्यासकट निघाला आणि चांदणी रिकाम्या खुर्च्यांवर आली. कुणाला लागलं नाही. पण मंडळीच्या पंचकमिटीचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक सायमन सर यांनी यंदा नोव्हेंबरातच सांगून ठेवलं, "फैयाजभाई, या वर्षी शेवटची संधी. पुन्हा पडली तर पुढच्या वर्षीपासून चांदणी खाली, लोखंडी स्टँडवर."

खाली म्हणजे कंपाउंडच्या भिंतीआड. रस्त्यावरून दिसणारच नाही. आणि स्टँडवर ठेवलेल्या चांदणीला फैयाजभाई कशाला लागतात?

"अठरा किलोची चांदणी," फैयाज घरी जेवताना म्हणाले. "तो हूक बसवला तेव्हा मी आणि बजरंगने दोर बांधून, भिंतीला पाय लावून ओढून बघितला होता. दोन माणसांनी हलला नाही. अठरा किलोने कसा निघाला?"

"मग यंदा काय करणार, अब्बा?" मुबश्शिराने विचारलं.

"जाड तार आणि भिंतीतून आरपार बोल्ट. आणि तार आणखी ताणायची. गेल्या वर्षी मध्ये थोडा झोळ होता. त्यानेच घात केला."

मुबश्शिरा त्यांची थोरली मुलगी. नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला, रोज एसटीने जाऊन-येऊन. पहिल्या सत्रात मेकॅनिक्स नावाचा विषय होता आणि त्यात सध्या न हलणाऱ्या वस्तूंचा हिशेब चालू होता. सरांनी फळ्यावर एक ठिपका काढला होता. त्यातून दोन बाण तिरके वर, एक बाण सरळ खाली. ठिपका जागेवर राहायचा असेल तर वरच्या ओढी आणि खालची ओढ एकमेकींना पुऱ्या पडल्या पाहिजेत, एवढंच. वर्गाला ते इतकं उघड वाटलं की निम्म्यांनी लिहूनही घेतलं नाही. मुबश्शिराने लिहून घेतलं होतं, पण त्या ठिपक्याच्या जागी अठरा किलोची चांदणी ठेवायचं तिला आता, भाकरी मोडताना सुचलं.

तिने आधी अब्बांच्या मोबाईलमधला गेल्या वर्षीचा फोटो मागून घेतला. चांदणी पाच फुटांची, म्हणजे मोजपट्टी फोटोतच होती. झोळ निघाला जेमतेम अर्धा फूट. मग तिने हिशेब केला, उत्तर बघितलं, खोडलं आणि पुन्हा केला. दुसऱ्यांदाही तेच आलं.

"अब्बा, त्या हुकावर साडेपाचशे किलोच्या आसपास ओढ होती."

फैयाज हसले. "बेटा, चांदणी अठरा किलोची आहे. उसाची गाडी नाही टांगली आपण."

"माझाही विश्वास बसत नाहीये. म्हणून तर बघायचंय."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. मांडवाच्या गोदामात लोखंडी खांब होते. शेजारच्या भंगारवाल्या नियाजकडून तिने हूकवाला स्प्रिंगचा काटा आणला. खेचलं की सुई फिरते तसला, पन्नास किलोपर्यंतचा. काटा एका खांबाला अडकवला आणि त्याला दोर बांधला. वीस फुटांवर दोराचं दुसरं टोक अब्बांच्या हातात दिलं. दोराच्या मधोमध दोन लिटरची पाण्याची बाटली लटकवली.

"ओढा. दोर सरळ करून दाखवा."

"एवढंच?" फैयाज म्हणाले. बजरंग गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे मांडव बांधायला होता. तो खुर्च्या पुसायचं थांबवून बघायला आला.

बाटली दोन फूट खाली होती तेव्हा सुई पाचावर होती. फैयाजनी दोर ओढला. बाटली एक फुटावर आली, सुई दहावर. अर्ध्या फुटावर आली, सुई वीसवर. मुबश्शिरा टेप धरून उभी होती.

"झोळ निम्मा केला की ओढ दुप्पट होते," ती म्हणाली. तिला हे वहीतून माहीत होतं, तरी सुई खरंच तसं वागते आहे याचं तिला नवल वाटत होतं.

"थांब, अजून सरळ कुठं झालाय." फैयाजनी टाचा रोवल्या. चेहरा लाल झाला. बाटली अजून चार बोटं खालीच.

"भाई, दोन लिटर पानी हाय ते," बजरंग म्हणाला. "लाज वाटू द्या."

"मग तू ये ना इकडं."

बजरंगने मागून दोर धरला. दोघांनी एकदम जोर लावला, तशी सुई पन्नासच्या पुढे जाऊन काट्याच्या खिळ्याला टेकली. बाटली अजून दोन बोटं खाली होती. दोर मधे किंचित मोडलेलाच दिसत होता.

"सोडा, सोडा, नियाजकाकांचा काटा जाईल!"

दोघांनी दोर सोडला. बजरंग तळहात चोळत बाटलीकडे बघत राहिला. "लई वाईट बाटली हाय ही."

"पण का?" फैयाजनी विचारलं. आता ते चेष्टा करत नव्हते. "सरळ का होत नाही?"

"बाटलीला वर कोण धरतंय, अब्बा?"

"दोर."

"दोर ज्या दिशेला जातो, त्याच दिशेला ओढतो. अगदी आडवा झाला तर तो बाटलीला डावीकडे ओढेल, उजवीकडे ओढेल. वर कोण ओढणार? कुणीच नाही. म्हणून त्याला थोडं तरी तिरकं राहावंच लागतं. जितका कमी तिरका, तितका जोर जास्त. तुम्ही अख्खं ट्रॅक्टर लावलंत तरी तो पुरता सरळ होणार नाही, आधी तुटेल."

फैयाज खुर्चीवर बसले. तळहातावरचे दोराचे वळ पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी तार जेवढी ताणत होतो, तेवढा हूक मीच उपटत होतो."

"यंदा आणखी ताणणार होता."

"कळलं, कळलं."

पण त्याने काम सोपं झालं नाही. सहा फूट झोळ दिला तर ओढ सेहेचाळीस किलोवर येत होती, मात्र चांदणी माणसांच्या डोक्याला लागण्याइतकी खाली येत होती. दोन्ही हूक जमिनीपासून पंधरा फुटांवर होते. शाळा बैठी, तिकडे वर जायला भिंतच नव्हती. मनोरा उंच होता. मुबश्शिराने मनोऱ्याचं टोक बारा फूट वर नेलं, घंटेच्या खिडकीतल्या तुळईपर्यंत, आणि चांदणी जवळजवळ तिच्या जुन्याच उंचीवर ठेवून आकृती काढली. काढल्यावर ती स्वतःच चकित झाली. शाळेकडची तार पूर्ण आडवी आली होती. सुतासारखी सरळ. दोन्ही बाजू सरळ होऊ शकत नव्हत्या, पण एक होऊ शकत होती, कारण सगळं वजन मनोऱ्याकडची तिरकी तार उचलत होती. शाळेच्या भिंतीवर फक्त पंचेचाळीस किलोची ओढ.

"हे चालेल," फैयाज म्हणाले. आपली सरळ तार निदान अर्धी तरी वाचली, याचा त्यांना आनंद झाला असावा.

रविवारी उपासना संपल्यावर तार चढवली. सायमन सर हात मागे बांधून अंगणात उभे होते. बजरंगने दर वर्षीप्रमाणे चांदणीची लोखंडी कडी तारेत ओवली, मधोमध आणली आणि शिडीवरून हात सोडला.

चांदणी निघाली. आधी हळू, मग भरभर, तारेवरून घरंगळत शाळेच्या दिशेने गेली आणि भिंतीपासून आठ-नऊ फुटांवर जाऊन डुलत थांबली.

"शाळंत निघाली," बजरंग शिडीवरून म्हणाला. "शिकायला."

"मागच्या वर्षी पडली, यंदा पळाली," सायमन सर म्हणाले. "फैयाजभाई, मी स्टँडवाल्याला फोन करू का?"

फैयाजनी मुलीकडे पाहिलं. तिचं लक्ष सरांकडे नव्हतं. ती चांदणीच्या खाली जाऊन वर बघत होती. कडीच्या एका बाजूची तार, मग दुसऱ्या बाजूची. दोन्हींचा तिरकेपणा आता सारखा दिसत होता.

"अब्बा, जरा ढकला तिला मनोऱ्याकडे. बांबूने."

फैयाजनी ढकलली. चांदणी वर गेली, सोडल्यावर पुन्हा त्याच जागी येऊन थांबली.

"बघितलंत? तिथेच येते!" तिच्या आवाजात काळजीपेक्षा उत्सुकता जास्त होती. फैयाजना त्याचा थोडा राग आला.

"ती तिथे येऊन काय उपयोग? सर फोन काढतायत."

"एक मिनिट. कडी घसरते, म्हणजे कडीच्या दोन्ही बाजूंना ती एकच तार आहे. ओढ दोन्हीकडे सारखी. ओढ सारखी असेल तर तिरकेपणाही सारखाच लागतो, नाहीतर ती एका बाजूला सरकणार. म्हणून ती तसा सारखेपणा सापडेपर्यंत पळाली. आणि मी आकृतीत काय काढलं होतं? गाठ. गाठीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या ओढी असू शकतात. मी हिशेब गाठीचा केला आणि लावली कडी."

"इतकी वर्षं कडीच लावतो आपण," फैयाज म्हणाले. "कधी पळाली नाही."

"इतकी वर्षं दोन्ही टोकं एका उंचीवर होती. मधोमधच सारखेपणा होता. तिला पळायचं कारणच नव्हतं."

बजरंग शिडीवरून उतरला होता. "मंग आता गाठ मारायची का तारेला?"

"तारेला गाठ नको. कडीच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प आवळा."

क्लॅम्प गाडीत होते. बजरंग पुन्हा चढला, चांदणी खुणेवर आणून धरली आणि फैयाजनी खालून पाना वर दिला. दोन्ही नट आवळले गेले. बजरंगने हात सोडला, पण या वेळी पुरता सोडला नाही, बोटं चांदणीच्या खाली तशीच ठेवली. मग तीही काढून घेतली.

चांदणी जागेवर राहिली. शाळेकडची तार आडवी, कागदाच्या कडेसारखी. मनोऱ्याकडची तिरकी वर गेलेली. शाळेच्या हुकाजवळ मध्ये लावलेल्या नियाजच्या काट्याची सुई पंचेचाळीसला टेकत होती.

सायमन सर बरेच मागे, फाटकापर्यंत गेले आणि तिथून डोळे बारीक करून पाहू लागले. "एक बाजू सरळ आणि एक तिरकी. हे काही बरं दिसत नाही, फैयाजभाई. अर्धवट वाटतं."

मुबश्शिरा बोलायला लागली, पण त्याआधी फैयाज बोलले. "सर, ती तिरकी तार चांदणीला उचलते. ही सरळ तार काहीच उचलत नाही. चांदणी मनोऱ्याकडे जाऊ नये म्हणून ही फक्त धरून ठेवते. दोन्ही सरळ केल्या तर उचलणारं कुणी राहत नाही. मग भिंत येते खाली."

सर फाटकाकडून दोन पावलं पुढे आले. "हे तुम्ही कधीपासून बोलायला लागलात?"

"परवापासून. पाण्याच्या बाटलीने शिकवलं."

"गेल्या वर्षी किती ओढ होती?"

"याच्या बारापट," मुबश्शिरा म्हणाली. "तारेचं स्वतःचं वजन धरलं नाही तरी."

सर काट्यापाशी आले, चष्मा कपाळावर घेऊन सुई वाचली. मग भिंतीवर, नव्या बोल्टभोवती तळहात फिरवून पाहिला. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस होता. बारापट म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. "आणि वारा सुटला तर?"

"ते अजून शिकवलं नाही सर," मुबश्शिरा म्हणाली. "हलणाऱ्या गोष्टी शेवटच्या युनिटला आहेत. आम्ही अजून स्थिरवरच आहोत."

सरांना हसू आलं. फैयाज मात्र आधीच गाडीतून सुतळीसारखी पातळ दोरी घेऊन आले होते. चांदणीच्या खालच्या टोकाला ती बांधून दुसरं टोक त्यांनी फरशीतल्या कडीकडे नेलं. वाऱ्यात मांडवाचं कापड फडफडतं तेव्हा ते असंच करत. त्यांनी दोरी ताणली आणि सवयीने आणखी एक हिसका दिला. सुई सत्तेचाळीसच्या पुढे गेली.

"अब्बा, ढिली ठेवा. तुम्ही तिला खाली ओढताय. ते वजनातच जातं."

फैयाज थबकले. त्यांनी दोरीकडे, मग सुईकडे पाहिलं. चार बोटं दोरी सोडली. सुई मागे आली. मुद्दाम पुन्हा ओढली. सुई पुढे गेली. आणखी एकदा सोडली.

"भाई, बास की," बजरंग म्हणाला. "खेळनं हाय का ते?"

"थांब रे. बघू दे."

सायमन सरांनी मोबाईल खिशात ठेवला. "मंगळवारी संध्याकाळी दिवे लावायचे आहेत. चांदणी आहे तिथेच राहू द्या," ते म्हणाले आणि शाळेच्या वऱ्हांड्यातून एक खुर्ची ओढत आणून बरोबर चांदणीच्या खाली ठेवली. तिच्यावर बसले. वर पाहिलं. "आता सांग," त्यांनी मुबश्शिराला विचारलं, "मनोऱ्याकडच्या तारेत किती?"

"अठ्ठेचाळीस ते एकोणपन्नास."

"इकडे पंचेचाळीस आणि तिकडे जास्त? ते कसं?"

तिने खडू शोधायला दप्तर उघडलं. फैयाजही दोरी हातातच धरून, ऐकायला जवळ आले.