टाकीतलं जास्तीचं औषध

आज बोटीचं इंजिन सुरू झालं तर बोट राहील, नाहीतर उद्या गिऱ्हाईक येऊन ती घेऊन जाईल, असं आईनं ठरवलं होतं. बाबांच्या माघारी ती शेडमध्ये कुजत पडावी, हे तिला सोसवत नव्हतं. मला बोट हवी होती. का, ते नीट सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही ते बरंच झालं.

आई, काका आणि मी बोट उतारावरून पाण्यात सोडली. इंजिन बघायला बोलावलेल्या मिस्त्रींनी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं, आणि उजेडात धरलं. पेट्रोल शाईसारखं निळं होतं.

"ताई, औषध कुणी घातलं यात?" त्यांनी मला विचारलं.

बंद हंगामात पेट्रोल टाकीत पडून शिळं होतं आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये बसतो. म्हणून बाबा दर वर्षी टाकीत टोपणभर निळं औषध घालत. मग इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ते जरा वेळ चालवत, म्हणजे औषध आतपर्यंत पोचायचं. गेल्या हंगामाच्या शेवटी मात्र त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं.

"मी घातलं," मी म्हणाले.

"तू कशाला? मी घातलं की," काका म्हणाले.

आई चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेला उभी होती. "भावजी, काहीतरीच काय. मी घातलं."

मिस्त्रींनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "एका चुलीपाशी तीन सुगरणी शिरल्या की मीठ असंच पडतं."

"मला दादानं सांगितलं होतं," काका म्हणाले. "दार लावायला लावलं आधी. म्हणाला, तूच कर, त्या दोघींना जमायचं नाही."

"असं म्हणाले?" आईनं चपला खाली ठेवल्या. "मला म्हणाले, भावजींचा हात सैल, अर्धी बाटली ओततील. तूच घाल नि बोलू नकोस कुणाला."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. या घरात डोकं ठिकाणावर असलेलं माणूस एकच आहे, असं बाबा मला म्हणाले होते. ते मी गिळलं. "मलाही असंच काहीसं," मी म्हणाले.

"तरीच," काका म्हणाले. "मला पिंप भरलेलंच मिळालं. मी म्हटलं, पावसाचं पाणी असेल."

"पावसाचं? बादल्या वाहून कंबर धरली माझी!"

मिस्त्री तोंड फिरवून हसले. मग मीही हसले, आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच हसतेय हे कळूनही थांबले नाही. बाबा विसरत गेले असतील, किंवा तिघांपैकी एकजण तरी नक्की करेल असा त्यांचा हिशेब असेल. काहीही असो, तिघांनाही त्यांनी त्या खोलीतून ताठ मानेनं बाहेर पाठवलं होतं.

"चालेल का पण?" आईनं विचारलं.

"कार्बोरेटर स्वच्छ असणार, वहिनी. तिघांनी चालवलंय. पण एवढं औषध नीट जळत नाही, प्लग काळे होतात." त्यांनी निम्मी टाकी डब्यात उपसली, ताजं पेट्रोल भरलं, प्लग काढून घासले आणि मला बोटीत चढवून इंजिन सुरू करायची दोरी माझ्या हातात दिली. "तुम्ही ओढा."

मी ओढली. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा ओढली, तेवढंही नाही. आई म्हणाली, "राहू दे आता." तिचा आवाज इतका हळू होता की मला तिच्याकडे बघवेना. मिस्त्रींनी चोक थोडा आत ढकलला. मी पाय रोवून ओढली. पांढऱ्या धुराचा लोट उठला, काका खोकत मागे सरले. इंजिन दोनदा अडखळलं आणि मग एका लयीत चालू लागलं.

धूर विरळ झाला. मग आई गुडघाभर पाण्यातून चालत आली आणि माझ्या खांद्याला धरून बोटीत चढली.

"भावजी, त्या माणसाला फोन करा. येऊ नको म्हणावं."

"आत्ताच?"

"आत्ताच. उद्या पहाटेच निघायचा बिचारा."

काका खिसे चाचपत काठावरच राहिले. मिस्त्रींनी बोटीला एक ढकल दिली.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तू चालवते आहेस," आई म्हणाली, आणि पुढच्या फळीवर पाठ टेकून बसली.