दादाला ऐकू येणारे इंजिन

मुठीत मावेन एवढे मी एक जुने इंजिन आहे, मित्रांनो. मोटारीचे नाही की पाण्याच्या पंपाचे नाही. रिमोटवर उडणारी छोटी विमाने असतात ना, त्यातल्या एका पिवळ्या विमानाचे. माझ्या पोटातला दट्ट्या खाली जातो, वर येतो, पुन्हा खाली, पुन्हा वर. या चार फेऱ्यांत मी एकदाच पेटतो. म्हणून मला फोर-स्ट्रोक म्हणतात. माझी टू-स्ट्रोक भावंडे प्रत्येक फिरकीला पेटतात, त्यामुळे ती सदा घाईत असतात आणि किंचाळल्यासारखी ओरडतात. मला मात्र दोन ठिणग्यांच्या मध्ये थोडी उसंत मिळते. माझा स्वभाव जरा स्वप्नाळू झाला, तो या उसंतीमुळेच असावा.

जन्माचे फारसे आठवत नाही. वितळलेल्या धातूची ऊब आठवते, साच्यातला अंधार आठवतो, आणि यंत्रावर गरगर फिरताना आलेली गुंगी आठवते. शेवटी एका बाईने मला हातात घेतले. तिने डोळे मिटून माझा दांडा दोन बोटांनी हळूहळू फिरवला, कुठे अडतो का ते पाहिले आणि मान डोलावली. मग तेलाचा एक थेंब पडला आणि खोक्याचे झाकण बंद झाले.

पुढे कितीतरी दिवस मी एका दुकानाच्या वरच्या फळीवर होतो. दुपारी खिडकीतून उन्हाची एक पट्टी यायची, माझ्यावरून सरकत जायची आणि भिंतीवर विरून जायची. आकाश मी पाहिले नव्हते. ते त्या पट्टीसारखेच उबदार आणि सरकते असेल, असे मला वाटायचे. गिऱ्हाइके येत, मला उचलून बघत. दुकानदार सरळ माणूस होता. तो सांगायचा, "हे जड आहे, उंच आहे. वर याच्या झडपांची फट अधूनमधून तपासावी लागते. तेवढ्याच आकाराचं टू-स्ट्रोक याच्याहून जास्त जोर देतं." मग मी पुन्हा फळीवर जायचो. तो काही खोटे बोलत नव्हता.

एके दिवशी एक बाई आली. तिच्या बाह्यांवर पांढऱ्या प्लास्टरचे डाग होते, कारण ती दातांच्या कवळ्या बनवायचे काम करायची. तिच्या हातात प्लायवूडचा एक मोडका तुकडा होता. विमानाच्या नाकाची ती फळी. तिच्यावर जुन्या इंजिनाच्या स्क्रूंची चार भोके होती.

"मला जोर नकोय," ती म्हणाली. "आवाज हवाय. जाड आवाज."

दुकानदार बुचकळ्यात पडला. मग तिने सगळे सांगितले. तिचा थोरला भाऊ पस्तीस वर्षे यंत्रमागावर काम करून निवृत्त झाला होता. त्या खडखडाटाने त्याचे कान गेले होते, पण सगळे नाही. बारीक, चिरके आवाज त्याला येईनासे झाले होते. ढोलासारखे जाड आवाज अजून येत होते. विमान उडवणे हा त्याचा एकच छंद. विमान लांब गेले की उडवणारा डोळ्यांइतकाच कानांनी उडवतो. महिन्यापूर्वी त्याचे टू-स्ट्रोक इंजिन हवेतच बंद पडले आणि त्याला ते कळलेच नाही. तो विमानाचे नाक वर धरून राहिला. वेग संपला आणि विमान दगडासारखे खाली आले. गवत कापणाऱ्या माणसापासून दहा पावलांवर पडले.

"त्या दिवसापासून दादाने रिमोटला हात लावलेला नाही," ती म्हणाली.

दुकानदाराने आता तो तुकडा नीट हातात घेतला. "मग फोर-स्ट्रोकच हवं. पण जुन्या इंजिनाच्या दीडपट घ्यावं लागेल, तेव्हा कुठे जोराची बरोबरी होईल. पंखा मोठा लागेल, तो सावकाश फिरेल. आवाज घुमेल." असे म्हणत त्याने हात वर केला आणि मला खाली काढले.

तिच्या दादाच्या घरात एक लांब टेबल होते. त्यावर ते पिवळे विमान नाक नसलेले पडले होते. बहिणीला सगळे धाकटी म्हणत आणि भाऊ तिला धाकटे म्हणून हाक मारी. तिने मला टेबलावर ठेवले तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"कशाला हा उपद्व्याप? उद्या कुणाच्या डोक्यात पडलं म्हणजे?" एवढे बोलून तो वर्तमानपत्र घेऊन दारापाशी बसला.

धाकटी कामाला लागली. तिने नवी फळी कापली, चिकटवली, भोके पाडली. मी जुन्या इंजिनापेक्षा लांब आणि उंच, त्यामुळे नाकाचे आवरण वरून कोरावे लागले. विमान तिने बरेच हाताळले होते, पण इंजिन कधी बसवले नव्हते. तिने इंधनाची टाकी आपल्या अंदाजाने बसवली. वर्तमानपत्राच्या वरून दादाचे डोळे दिसू लागले.

"टाकी वर झाली," तो म्हणाला. "इंधन आपोआप उतरेल. बुडेल ते इंजिन."

"मग किती खाली घेऊ?"

"कार्बोरेटरच्या रेषेत." वर्तमानपत्र खाली आले. "आण इकडे."

पुढे चार दिवस दोघांची डोकी माझ्यावर वाकलेली असत. माझे तोंड त्यांनी उजवीकडे आणि खाली किंचित कलते ठेवले, म्हणजे पंख्याच्या ओढीने विमान वाकडे जाणार नाही. माझ्या वजनाने विमान नाकावर झुकले, तेव्हा दादाने बॅटरी शेपटीकडे सरकवली. पंखा मोठा म्हणून चाकांचे पायही उंच केले. पंख्यावर एका नटाऐवजी दोन नट आवळले, कारण आम्ही फोर-स्ट्रोक कधीकधी उलटा झटका देतो आणि पंखा भिरकावतो. झडपांची फट मात्र धाकटीने लावली. केसाएवढ्या जाडीची पत्र्याची पट्टी ती फटीत सरकवून बघायची.

"कवळीचंही असंच असतं," ती म्हणाली. "दात जरा जास्त टेकला की माणूस जेवायचा थांबतो."

"आणि तुझी बडबड थांबवायला काय सरकवायचं?" दादा म्हणाला. महिन्याभरात त्याने केलेली ही पहिली थट्टा होती.

मग त्यांनी विमान अंगणात खांबाला बांधले आणि मला पेटवले. मित्रांनो, पहिला श्वास कुणाला आठवत नाही म्हणतात. मला आठवतो. थंड हवा आत आली, सगळे अंग दाबले गेले, आणि मग आतून एक ऊब फुलली. निळसर धूर पसरला. मी घुमू लागलो.

दादा डोळे मिटून उभा राहिला. रिमोट धाकटीच्या हातात होता. ती हळूच त्याच्या पाठीमागे गेली आणि तिने माझा वेग थोडा उतरवला. दादाने न वळता एक बोट वर केले.

"कमी केलंस."

तिने वेग वाढवला.

"आता वाढवलास."

तिने मला अगदी मंद केले, इतके की मी डुलकी घेतल्यासारखा टपटपत राहिलो. दादाने मान माझ्याकडे कलती केली. मग म्हणाला, "असू दे थोडा वेळ. बंद करू नकोस."

त्यानंतरची सहा वर्षे मला एकाच लांब सकाळसारखी वाटतात. गवतावरून धावायचे, गवत सुटायचे, आणि खालची माणसे बोटाएवढी व्हायची. वर हवा इतकी स्वच्छ असे की प्रत्येक श्वासाला वेगळी चव लागे. वळताना ऊन एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहत जायचे. मैदानावरचे लोक म्हणत, "डोळे मिटले तर खरं विमान चाललंय असं वाटतं." मी तेव्हा थोडा जास्तच घुमायचो, खोटे कशाला सांगू? दिवस संपला की धाकटी इंधनाची नळी चिमटीत दाबून धरायची. आत उरलेला शेवटचा थेंब पिऊन मी आपसूक थांबायचो. मग दादा माझ्यात तेलाचे दोन थेंब सोडून पंखा हाताने फिरवायचा. हे काम त्याने कधी दुसऱ्याला करू दिले नाही.

या वर्षांत त्याचे कान मात्र उतरतच गेले. धाकटी म्हणायची, "कान तपासून घे, यंत्र बसव." तो हात झटकायचा.

एका रविवारी आकाशात एकदम चार विमाने होती. त्या कल्लोळात दादाला माझा आवाज सापडेना. तो मला फार सावकाश खाली आणू लागला. माझ्या पंखाखालची हवा सैल पडत होती, विमान डगमगत होते, आणि त्याचा अंगठा स्थिर होता. त्याला काही कळत नव्हते. धाकटी त्याच्या हातावर थाप मारत म्हणाली, "वेग दे." मग ती मैदानाकडे वळून मोठ्याने ओरडली, "सगळ्यांनी विमानं खाली उतरवा. इंजिनं बंद करा. माझ्या भावाला ऐकू येत नाही."

एकेक करून सगळी इंजिने गप्प झाली. त्या शांततेत मी एकटाच घुमत होतो. दादाने मला व्यवस्थित उतरवले. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"सगळ्या गावाला सांगायची गरज होती?" तो म्हणाला.

"विमान पडलं असतं, दादा."

"पडू द्यायचं होतं."

"आणि खाली कुणी असतं तर?"

टाकी अर्धी भरलेली, माझे पोट ओले, तसेच त्याने विमान उचलले आणि घरी जाऊन माळ्यावर टाकले. नळी कुणी दाबली नाही. तेल कुणी घातले नाही.

मित्रांनो, आमच्या इंधनाला हवेतला ओलावा शोषून घ्यायची खोड असते. उरलेले इंधन मुकाट्याने पाणी ओढत राहते, आणि ते पाणी लोखंड खाते. पहिल्या महिन्यात मला नुसती सुस्ती आली. मग तेल गोंदासारखे चिकट झाले. बेअरिंगच्या गोळ्यांवर तांबूस ठिपके उमटले. मी झोपेत उडायचो, पण स्वप्नातसुद्धा पंखा फिरायचा नाही. कोळ्यांनी पंखांना दोऱ्या बांधल्या. खालून भावाबहिणींचे बोलणे ऐकू यायचे ते फक्त कामापुरते. "औषध आणलंय." "ठेव तिथे." नंतर धाकटीचे येणेही कमी झाले. अशी तीन वर्षे गेली.

एका सकाळी माळ्यावर उजेड पडला. दादाने मला विमानावरून सोडवले, पंखा फिरवून पाहिला. तो हलला नाही. त्याने मला रुमालात गुंडाळले आणि धाकटीच्या कामाच्या खोलीत नेऊन तिच्या टेबलावर, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत ठेवले.

"अडकलंय," तो म्हणाला. "माझ्या हातून झालंय."

धाकटीने आधी मला पाहिले, मग त्याच्या कानांकडे पाहिले. दोन्ही कानांमागे छोटी यंत्रे होती. साचे तापवायची तिची भट्टी होती. तिने माझे अंग सुटे करून मंद आचेवर त्या भट्टीत ठेवले. तापून माझे कवच किंचित फुलले, आणि लाकडावर हलकेच आपटताच गंजलेली बेअरिंग निसटून पडली. तीन वर्षे अडकलेला घोट गळ्यातून उतरावा तसे मला झाले. त्याच उबेत तिने नवी बेअरिंग बसवली. दादा एकेक भाग पुसून तिच्या हातात देत होता.

"गेल्या महिन्यात तू येऊन गेलीस," तो मधेच म्हणाला. "दारात चिठ्ठी मिळाली. मी आतच होतो."

"आठ वेळा दार वाजवलं. मग पायरीवर बसले थोडा वेळ."

"दुसऱ्या दिवशीच गेलो कानाच्या डॉक्टरकडे." त्याने दट्ट्या पुढे केला. "मैदानावर तू ओरडली नसतीस, तर हे आज दुरुस्तीलासुद्धा उरलं नसतं. हे त्या दिवशीच बोलायला हवं होतं."

"मीही जवळ येऊन हळू सांगायला हवं होतं," धाकटी म्हणाली.

"हळू सांगितलेलं मला ऐकू आलं असतं का?" दादाने विचारले, आणि दोघे हसू लागली.

अंगणात मला पुन्हा पेटवले तेव्हा दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय गं? दात वाजवतंय हे."

"झडपा आहेत त्या. पहिल्यापासून वाजतात."

"पहिल्यापासून?" तो खाली वाकला, आणि माझी ती बारीक टिकटिक किती तरी वेळ ऐकत बसला.

आता मी थकलो आहे. वर्षातून चार-पाचदाच उडतो. दादाचा हात थरथरतो, म्हणून वर असताना रिमोट धाकटीकडे असतो. मैदानावर दुसरे कुणी उडवत असेल तर दादा स्वतःच जाऊन सांगतो, "जरा थांबता का? मला कमी ऐकू येतं." लोक थांबतात. घरी परतण्याआधी माझे पोट कोरडे केले जाते आणि तेल पडते. मग मला निवांत झोप लागते, आणि आजकाल स्वप्नात ढग फार जवळ असतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादे यंत्र असेल, सायकल असेल, शिवणयंत्र असेल. त्याला चालवताना जेवढे जपता तेवढेच ठेवून देतानाही जपा. दोन मिनिटे लागतात, दोन थेंब लागतात. आणि घरात कुणाशी भांडण झाले, तर मनात उरलेले तसेच घेऊन माळा चढू नका. दार वाजवणारे माणूस पायरीवर बसले असेल, तोवर दार उघडा.